डिचोलीची खाण, वास्कोचा क्लब आणि प्रशिक्षक डेरिक परेरा

आपल्या मंडळात आजवर जे निबंध वाचले गेले ते बहुतेक देवळांवर, शिलालेखांवर, नाहीतर जुन्या घाटवाटांवर. नार्व्यात बसून इतिहास लिहिणाऱ्याचे ते साहजिकच आहे. दारात सप्तकोटेश्वर आहे. दिवाडीवरचे मूळ देऊळ पोर्तुगिजांनी पाडले, देव नदी ओलांडून अलीकडे आला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याचे देऊळ नव्याने उभे केले, ही हकिगत इथे शाळेतल्या पोरालाही पाठ असते. म्हणून यंदा मी एका फुटबॉल प्रशिक्षकावर निबंध वाचणार म्हटल्यावर एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलेच, "अहो, तो माणूस चांगला हयात आहे. त्याचा कसला इतिहास लिहिता?"

प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर एवढेच, की माणूस हयात आहे, पण तो ज्या क्लबांतून वाढला आणि ज्यांना त्याने मोठे केले त्यातले बरेचसे आज नाहीत, किंवा नावापुरते आहेत. क्लब गेला की त्याची कागदपत्रे जातात, मग फोटो जातात, आणि शेवटी आठवण. देवळाचा निदान दगड तरी राहतो.

ज्यांच्याविषयी लिहितो आहे ते डेरिक परेरा. जन्म १९६२ चा. साळगावकर क्लबचे आणि भारताचे बचावपटू. पुढे महिंद्रा युनायटेड, पुणे एफसी, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स आणि एफसी गोवा या संघांचे प्रशिक्षक. त्यांच्या कारकिर्दीकडे मी इंजिनिअरच्या सवयीने बघितले. आधी तारखा एका रेघेत मांडल्या आणि मग त्या आपण नेहमी करतो त्या बोलण्याशी जुळतात का, ते तपासले. नाही जुळल्या. कुठे जुळल्या नाहीत ते पुढे येईलच.

सुरुवात आपल्याच तालुक्यातून

गोव्यात फुटबॉल आला तो शिवोलीला, फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या ब्रिटिश धर्मगुरूंबरोबर, १८८३ मध्ये, असे सांगितले जाते. तिथून तो चर्चच्या शाळांतून आणि गावागावातल्या मैदानांतून पसरला. गोवा फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली १९५९ मध्ये, म्हणजे मुक्तीच्या दोन वर्षे आधी. इथवरची गोष्ट गावांची आणि पाद्रींची आहे. पुढची गोष्ट खाणींची.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानला लोहखनिज हवे होते आणि ते डिचोली-सत्तरीच्या डोंगरांत होते. खनिज ट्रकांतून जेटीवर, जेटीवरून बार्जमध्ये, आणि मांडवीतून मुरगाव बंदरात. माझ्या पिढीने नदी बघितली ती या बार्जसकटच. या धंद्यातून साळगावकर, धेंपो, चौगुले ही घराणी मोठी झाली. याच पैशातून गोव्याचे मोठे क्लब उभे राहिले. साळगावकरांचा क्लब १९५६ चा, वास्कोचा.

धेंपो क्लबचे मूळ तर थेट आपल्याकडचे आहे, आणि हे डिचोलीतल्याही पुष्कळांना ठाऊक नसते. १९६१ मध्ये 'क्लूब देस्पोर्तिव्ह द बिचोली' नावाचा एक क्लब निघाला. तो गोव्याच्या दुसऱ्या विभागात खेळायचा. १९६७ च्या अखेरीस तो धेंपो खाण कंपनीशी जोडला जाऊन 'धेंपो सौझा' झाला आणि १९६८ पासून धेंपो स्पोर्ट्स क्लब. पुढे देशातले सर्वांत मोठे लीग विजेतेपद पाच वेळा जिंकणारा हा क्लब मुळात डिचोली गावचा.

हजेरीपटावरचा खेळाडू

आज 'व्यावसायिक खेळाडू' म्हटले की करार, एजंट, कोटीतले आकडे डोळ्यांपुढे येतात. डेरिक खेळले त्या ऐंशीच्या दशकात चित्र वेगळे होते. देशात राष्ट्रीय लीग नव्हती, ती १९९६ मध्ये सुरू झाली. मुंबईत खेळाडू बँकेत, विमान कंपनीत, कारखान्यात नोकरीला असत आणि संध्याकाळी त्या कंपनीचा शर्ट घालत. गोव्यात खाणवाल्यांचे क्लब खेळाडूला सांभाळत. आपण ज्याला घरोबा म्हणतो तसे ते नाते होते. पगार फार नसे, पण खेळाडू एकाच क्लबात दहा-पंधरा वर्षे राहायचा.

याचा परिणाम काय झाला तो बघा. साळगावकरच्या गोलात ब्रह्मानंद शंखवाळकर तब्बल सतरा वर्षे उभे राहिले. भारताचे ते कर्णधार झाले, १९९७ मध्ये अर्जुन पुरस्कार आणि २०२२ मध्ये पद्मश्री. त्यांच्यापुढे बचावफळीत डेरिक. मधल्या फळीत साव्हियो मदेरा आणि थोड्या काळाने पुढे ब्रुनो कुतिन्हो. गोव्याने संतोष करंडक प्रथम घेतला तो १९८३ मध्ये बंगालबरोबर संयुक्तपणे आणि १९८४ मध्ये एकट्याने. साळगावकरने १९८८ आणि १९८९ अशी लागोपाठ दोनदा फेडरेशन कप स्पर्धा जिंकली. तो जिंकणारा तो गोव्यातला पहिला क्लब.

आता या चौघांकडे पुन्हा पाहा. चौघेही पुढे प्रशिक्षणात आले. शंखवाळकर गोलरक्षकांना शिकवू लागले. मदेरा २०११ मध्ये भारताचे प्रशिक्षक झाले आणि त्या डिसेंबरात त्यांच्या संघाने दिल्लीत अफगाणिस्तानला ४-० हरवून सॅफ स्पर्धा जिंकली. एका क्लबातून इतके शिकवणारे निघाले हा योगायोग मानायला मी तयार नाही. जो खेळाडू दर वर्षी संघ बदलतो तो स्वतःचा खेळ शिकतो. जो पंधरा वर्षे एकाच ड्रेसिंग रूममध्ये बसतो तो तीन-चार प्रशिक्षकांच्या पद्धती बघतो, नवी पोरे येताना बघतो, जुनी जाताना बघतो. संघ कसा बांधला जातो हे त्याला आतून कळते.

त्यात डेरिक बचावाच्या मध्यावर खेळणारे. ही जागा गवंड्याच्या ओळंब्यासारखी असते. अख्खा खेळ समोर दिसतो, आणि शेजारचा एक पाऊल चुकला तर ओरडून त्याला जागेवर आणायचे काम त्याचेच असते. म्हणजे प्रशिक्षकाचे निम्मे काम तो खेळतानाच करत असतो.

कूपरेजचे विजेतेपद

गोव्याबाहेर डेरिक यांचे नाव झाले ते मुंबईत. महिंद्रा कंपनीच्या फुटबॉल संघाची परंपरा १९६२ पासूनची. २००५ मध्ये महिंद्रा युनायटेडची सूत्रे डेरिक यांच्याकडे आली. त्या हंगामात संघाने फेडरेशन कप जिंकला आणि मग २००५-०६ ची राष्ट्रीय लीगही. कोलकात्याचे मोठे क्लब मागे टाकून मुंबईच्या संघाने लीग घेण्याची ही पहिली वेळ. पुढे ती स्पर्धा आय-लीग झाली, पण मुंबईच्याच काय, महाराष्ट्रातल्या कुठल्याच क्लबला तिथे पुन्हा ते जमले नाही. २००७ मध्ये महिंद्राचा संघ एएफसी कपच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला. आयएफए शील्ड २००६ आणि २००८ अशी दोनदा आली.

इथे मी एक यादी केली ती सांगतो. २००४-०५ ची राष्ट्रीय लीग धेंपोने जिंकली, प्रशिक्षक आर्मांद कुलासो. २००५-०६ महिंद्राने, प्रशिक्षक डेरिक परेरा. २००६-०७ पुन्हा धेंपो आणि कुलासो. २००७-०८ ची पहिली आय-लीग, तीही धेंपो आणि कुलासो. म्हणजे सलग चार वर्षे देशाचे विजेतेपद गोवेकर प्रशिक्षकाच्या हातात होते. पुढे २००९-१० आणि २०११-१२ लाही कुलासो जिंकले. आठ हंगामांतली सहा विजेतेपदे एवढ्याशा गोव्यातल्या दोन माणसांची. मधल्या दोन वर्षांत प्रशिक्षक परदेशी होते, पण जिंकलेले क्लब गोव्याचेच: चर्चिल ब्रदर्स आणि साळगावकर.

आपल्याकडे या काळाला 'सुवर्णकाळ' म्हणतात. मी तो शब्द जपून वापरतो, कारण २०१० मध्येच महिंद्रा कंपनीने आपला क्लब बंद करायचे जाहीर केले. लीग जिंकून चार वर्षे झाली होती. संघ खालच्या विभागात घसरला नव्हता, कंपनी बुडाली नव्हती. कंपनीने ठरवले की पुढे शाळांतल्या मुलांच्या फुटबॉलवर खर्च करायचा, आणि अठ्ठेचाळीस वर्षांची परंपरा तिथे थांबली.

बालेवाडी

तोवर डेरिक पुण्याला पोचले होते. पुणे एफसी हा अशोक पिरामल समूहाने २००७ मध्ये काढलेला क्लब. २००९ मध्ये तो वर चढला आणि आय-लीगच्या पहिल्याच हंगामात, २००९-१० मध्ये, डेरिक यांच्या हाताखाली तिसरा आला. २०१२-१३ मध्ये दुसरा.

त्या काळात मी नोकरीनिमित्त पुण्यात होतो आणि बालेवाडीला काही सामने बघितले. एवढे मोठे स्टेडियम आणि प्रेक्षक मूठभर. मागच्या रिकाम्या खुर्च्यांवरून मैदानावरच्या खेळाडूंच्या हाका ऐकू यायच्या. पण संघ शिस्तीचा होता. चेंडू गेला की चौघांची फळी एका दोरीने ओढल्यासारखी मागे सरकायची. मला त्यातले फार कळत नाही, पण रेघ सरळ आहे की वाकडी एवढे कळते. ती सरळ असायची.

२०१३ मध्ये डेरिक स्वगृही, साळगावकरला परतले. २०१३-१४ च्या आय-लीगमध्ये साळगावकर तिसरा. २०१४ मध्ये गोव्यातच झालेल्या ड्युरँड कपच्या अंतिम सामन्यात साळगावकरने १-० ने विजय मिळवला. समोर कोण होते? पुणे एफसी. दोन वर्षांत पुणे एफसी बंद झाला. त्याच शहरातला एफसी पुणे सिटी हा आयएसएलचा संघही २०१९ मध्ये संपला आणि त्याच्या जागी हैदराबादचा संघ आला. आणि ड्युरँड जिंकलेला साळगावकर? २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग क्लुब द गोवा आणि धेंपो या तिघांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले.

तारखांचा ताळा

आता मघाशी म्हटले तो मुद्दा. डिचोलीत कुणालाही विचारा, "गोव्याचा फुटबॉल का बसला?" उत्तर ठरलेले: "खाणी बंद पडल्या ना!" मीही वर्षानुवर्षे हेच म्हणत आलो. घराजवळून जाणारी बार्ज थांबलेली दिसली की माणूस सगळ्याचे कारण तिच्यातच शोधतो.

पण तारखा लावून बघू. गोव्यातल्या खाणी बंद झाल्या सप्टेंबर २०१२ मध्ये. आधी राज्य सरकारने स्थगिती दिली, मग ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २०१४ मध्ये मर्यादा घालून परवानगी आली आणि २०१८ मध्ये ८८ लीज रद्द होऊन पुन्हा सगळे थांबले. आता क्लब बघा. धेंपोंनी आपला खाण व्यवसाय सेसा गोवाला १,७५० कोटी रुपयांना विकला तो २००९ मध्येच. त्यानंतर धेंपो क्लबने दोनदा आय-लीग जिंकली. म्हणजे खाण हातात नसताना. साळगावकरचा ड्युरँड कप बंदीनंतरचा. महिंद्रा आणि पुणे एफसी यांचा तर खाणीशी संबंधच नाही, तरी तेही गेले. आणि २०१६ मध्ये गोव्याच्या तिघांनी जे सोडले त्याचे त्यांनी दिलेले कारण पैसा हे नव्हते. देशातल्या फुटबॉलची नवी रचना होत होती, तीत आयएसएल वर जाणार आणि जुन्या क्लबांची लीग खाली, याला त्यांचा विरोध होता.

म्हणून खाणबंदीने धक्का दिला हे मला मान्य आहे, पण क्लब पडले ते त्या एका धक्क्याने असे म्हणता येत नाही. दोष पायात होता. हे सगळे क्लब एका घराण्याच्या किंवा एका कंपनीच्या ताळेबंदातली एक ओळ होते. तिकिटांचे उत्पन्न नगण्य, सभासद नाहीत, स्वतःच्या मालकीचे मैदान क्वचित. मालकाला प्रेम होते तोवर सगळे होते. प्रेम आटले, किंवा हिशेब बदलला, किंवा वरची रचना बदलली, की विचारायला दुसरे कुणी नव्हते. एकाच खांबावर स्लॅब टाकला तर खांब कितीही जाड असला तरी इंजिनिअर त्याला चांगले बांधकाम म्हणणार नाही.

यात मालकांना दोष देण्याचा हेतू नाही. पन्नास वर्षे खिशातून पैसे घालून त्यांनी क्लब चालवले, हे उपकारच. पण 'खाण गेली, फुटबॉल गेला' म्हणून हात झटकले की पुढचा क्लबही आपण तसाच बांधू, हे मला लागून राहिले आहे. आता डिचोलीचा खनिज ब्लॉक लिलावानंतर पुन्हा सुरू झाला आहे. फुटबॉलही आपोआप परत येईल असे ज्यांना वाटते त्यांनी वरच्या तारखा एकदा वाचाव्यात.

काय उरले

क्लब गेले, पण विद्या कुठे गेली? याचे उत्तर डेरिक यांच्या पुढच्या वाटचालीत दिसते. २०१७ मध्ये हंगामाच्या मध्यावर त्यांनी चर्चिल ब्रदर्स सांभाळला. मग ते एफसी गोवात गेले. हा २०१४ मध्ये आयएसएलसाठी निघालेला नवा संघ. सुरुवातीच्या मालकांत धेंपो आणि साळगावकर ही दोन्ही नावे होती. २०१९ मध्ये त्यांनी भारताच्या २३ वर्षांखालील संघाला आशियाई पात्रता फेरीसाठी नेले. डिसेंबर २०२१ मध्ये एफसी गोवाचे स्पॅनिश प्रशिक्षक हुआन फेरांदो हंगाम अर्ध्यावर सोडून कोलकात्याला गेले, तेव्हा संघ डेरिक यांच्याकडे सोपवला गेला.

हेही नोंदवण्यासारखे आहे. देशाची लीग जिंकलेल्या माणसाला आयएसएलमध्ये मुख्य खुर्ची मिळाली ती परदेशी प्रशिक्षक उठून गेल्यावर. नव्या लीगमध्ये भारतीय माणूस बहुधा मदतनीस, नाहीतर तात्पुरता. याला जसे मालकांचे आकर्षण कारण होते तसेच परवान्यांचे नियमही. पूर्वी पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा डिप्लोमा चालायचा. नंतर एएफसीचे सी, बी, ए आणि सर्वांत वरचा प्रो परवाना अशा पायऱ्या आल्या. आपल्या लोकांना त्या चढायला वेळ लागला.

पण चढले. धेंपोच्या त्या विजेत्या संघातले क्लिफर्ड मिरांडा २०२० मध्ये एफसी गोवाचे हंगामी प्रशिक्षक असताना संघाने लीग शील्ड मिळवली, आणि एप्रिल २०२३ मध्ये त्यांच्या हाताखाली ओडिशा एफसीने सुपर कप जिंकला. महेश गवळी भारतीय संघाच्या प्रशिक्षकवर्गात गेले. समीर नाईक यांनी ज्या धेंपोत आयुष्यभर बचाव केला त्याच क्लबला प्रशिक्षक म्हणून २०२४ मध्ये पुन्हा आय-लीगमध्ये आणले. महिंद्राचा शर्ट घातलेले खालिद जमील २०२५ मध्ये भारताचे प्रशिक्षक झाले. साळगावकर, धेंपो, महिंद्रा. क्लबांची नावे जुनीच, फक्त ती आता माणसांच्या अंगावर आहेत.

साखळीला जुन्या खाणीच्या जागेवर माती भरून, झाडे लावून जे पुनर्वसन झाले तिथे सेसाची फुटबॉल अकादमी उभी राहिली, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. खड्डा भरता येतो. पण अकादमीतून निघालेल्या मुलाला पंधरा वर्षे एका जागी राहता येईल असा क्लब लागतो, आणि डेरिकसारखा प्रशिक्षक घडायला तेवढी वर्षे लागतातच. तो क्लब एका घराच्या खिशावर चालणार की गावाच्या, हा प्रश्न मी आपल्यापुढे ठेवतो.

शेवटी एक विनंती. १९६१ ते १९६७ या काळात 'क्लूब देस्पोर्तिव्ह द बिचोली'कडून खेळलेल्यांपैकी कुणाचे आजोबा, मामा, काका डिचोली, बोर्डे, मये, पिळगाव, नार्वे भागात असतील, तर त्यांच्याकडचे फोटो, सामन्यांची पत्रके, जुना शर्ट, काहीही असो, टाकून देऊ नका. मंडळाकडे आणा. आम्ही स्कॅन करून मूळ वस्तू त्याच दिवशी परत देऊ. ज्या क्लबातून धेंपो झाला त्याच्या अकरा जणांची नावे तरी आपल्या तालुक्याच्या वहीत लिहिलेली असावीत.